मास्तरबाईंचे हरवलेले दोनशे

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे मास्तरबाई म्हणतात. नवीन माणूस हमखास विचारतो, "कुठल्या शाळेत शिकवता?" त्यावर त्या चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतात, "माझे विद्यार्थी सगळे सुती आहेत." गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कटिंग मास्तर आहेत, गेली एकोणीस वर्षं. पहारेकऱ्यांचे शर्ट, नर्सचे कोट, शाळांचे फ्रॉक, सगळ्याचं कापड आधी त्यांच्या टेबलावर येतं, कापलं जातं आणि गठ्ठे होऊन खालच्या मजल्यावर शिलाईला जातं.

मी एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला कारखान्यात गेले होते. तीस फूट लांब टेबल, त्यावर एकावर एक साठ थर कापड, सगळ्यात वर खडूने आखलेला खाका. डाव्या हातात लोखंडी कड्यांचा हातमोजा, उजव्या हातात उभ्या पात्याचं मशीन. मला त्यांनी मानेनेच थांबायला सांगितलं, श्वास धरला आणि बाहीचा गोल वळसा पुरा होईपर्यंत सोडला नाही. मग म्हणाल्या, "एक सूत इकडेतिकडे झालं ना वहिनी, तर एक बाही तोकडी होत नाही. साठ होतात."

संध्याकाळी त्या चिंध्यांचंसुद्धा वजन करतात. ठाण तीस किलोचं आलं असेल तर गठ्ठे आणि चिंध्या मिळून तीस किलो भरले पाहिजेत, नाहीतर बाई घरी येत नाहीत. घरातही तेच. वीजबिल असो, औषधाची पावती असो, आली की कडेने सरळ कापून एका मापाची करायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभी लावायची. डब्यात न बसणारा कागद त्यांच्या घरात टिकत नाही.

अशा बाईंच्या पगारातून दोनशे नाहीसे झाले, आणि ते कुठे गेले हे कुणालाच सांगता येईना.

हे दोनशे एवढे का लागून राहिले ते सांगते. मास्तरबाईंचे यजमान चाळीस वर्षं पुस्तकं बांधायचं काम करत होते. इमारतीत त्यांना बाइंडरकाका म्हणतात. काकांचे दोन्ही गुडघे गेले. आमच्याकडे लिफ्ट नाही, आणि जिना असा की धडधाकट माणूसही तिसऱ्या मजल्यावर टेकतो. तीन महिने काका फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरले होते, तेही बसत बसत, एकेक पायरी. बाकी वेळ खिडकीपाशी. मला एकदा म्हणाले, "वहिनी, इमारतीतल्या सगळ्यांची टकलं मला पाठ झालीत. चेहरे विसरायला लागलोय."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. मालकीणबाई म्हणाल्या, चौथ्या मजल्यापेक्षा हजार जास्त पडतील, दरमहा. मास्तरबाईंनी पगाराची चिठ्ठी काढली, बोट वरून खाली फिरवलं, आणि 'पेन्शन अंशदान' या ओळीवर बोट थांबलं. बरोबर एक हजार. सहा वर्षांपूर्वी कारखान्यात पेन्शन योजना आली, तेव्हापासून दर महिन्याला ते कापले जात होते. ते कापणं थांबवलं की हजार हातात, हजार मालकीणबाईंच्या हातात, आणि काका तळमजल्यावर. इतकं सरळ माप त्यांनी वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं. योजनेतून बाहेर पडायचा अर्ज त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिला आणि मालकीणबाईंना शब्दही देऊन टाकला.

पुढच्या महिन्याची चिठ्ठी आली. पेन्शनच्या ओळीत शून्य होतं. पण हातात आले आठशेच जास्त.

दोन्ही चिठ्ठ्या घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी कॉलेजात हिशेबाचे विषय घेतले होते, ही गोष्ट कधीतरी बोलता बोलता माझ्या तोंडून गेली होती, आणि तेव्हापासून इमारतीतले कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या परीक्षेचं मला फक्त वर्गातल्या पंख्याचं करकरणं आठवतं, हे सांगून उपयोग होत नाही.

"पगार तोच आहे," मास्तरबाई म्हणाल्या. "वीस हजार. इथेही वीस, इथेही वीस. मग टॅक्स का वाढला? अठराशे होता, दोन हजार झाला."

मी चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. खरंच होतं. पगार तोच, माणूस तोच, खुर्ची तीच. साठवणं थांबवलं म्हणून दंड लावतात की काय, असं माझ्या मनात आलं. पण दंड असता तर तसं लिहिलं असतं.

"नियम बदलला असेल," मी म्हटलं.

"माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईचा बदलला नाही. तिचा टॅक्स तेवढाच. तिची पेन्शन चालू आहे."

आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "त्यात काय, पगार वाढला की टॅक्स वाढतो."

"पगार वाढलेला नाही," मी म्हटलं.

"हातात वाढला ना?"

"हातात वाढला म्हणून टॅक्स वाढला, की टॅक्स वाढूनही हातात वाढला?"

ह्यांनी पेपर खाली घेतला, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर धरला. "सोपं आहे ते," पेपरामागून आवाज आला. त्यापुढे काही आलं नाही.

मी दोन दिवस त्या चिठ्ठ्यांशी झटापट केली. वीस हजारांवर किती टक्क्यांनी अठराशे होतात ते काढलं, मग दोन हजार किती टक्क्यांनी होतात ते काढलं. दोन वेगळे टक्के आले. एकाच बाईला एकाच पगारावर दोन टक्के कसे लागतील? मास्तरबाई रोज कामावरून येताना दाराशी थांबायच्या. "सापडले?" मी मान हलवायची. चपला न काढताच त्या वर जायच्या. रविवारपर्यंत मालकीणबाईंना पक्कं सांगायचं होतं. हजार म्हटलं होतं आणि हातात आठशे होते. दुसरं एक गिऱ्हाईक खोल्या बघून गेलंय, असं मालकीणबाईंनी जाता जाता सांगूनही ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मास्तरबाई दार लावून घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? कुणाला बोलणार नाही ना?"

"नाही."

"जावयाने काही केलं असेल का?"

आता इथे सांगायला हवं की कारखान्याच्या पगार विभागात जो कारकून बसतो तो मास्तरबाईंचा जावई आहे. लग्न पगाराच्या रांगेतच जुळलं असं लोक चेष्टेने म्हणतात. लेक आईचा डबा द्यायला गेली होती आणि चुकून पगाराच्या रांगेत उभी राहिली. खिडकीपर्यंत पोचल्यावर त्याने विचारलं, "तुमचा नंबर?" आणि ती म्हणाली, "मी इथे कामाला नाही." तरी त्याने वही वरपासून खालपर्यंत तपासली म्हणे. मुलगा तसा आहे. सरळ, हळू बोलणारा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा.

"तो असं करेल?" मी म्हटलं.

"करेल असं म्हणत नाही. पण अर्ज दिला तेव्हा म्हणाला, आई, एकदा विचार करा. मी म्हटलं, केलाय. तेव्हापासून कारखान्यात समोर आला की जमिनीकडे बघतो. आणि काल कळलं, माझी फाइल त्याने मोठ्या कारकुनाकडे देऊन टाकली. का दिली? काहीतरी नकोसं वाटल्याशिवाय माणूस फाइल सोडतो?"

"मग विचारा ना त्याला."

मास्तरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच साठ बाह्या तोकड्या कापल्या आहेत. "जावयाला? माझे दोनशे कुठे गेले म्हणून? उद्या लेकीला तोंड कसं दाखवू?"

म्हणून त्या विचारत नव्हत्या. आणि सासूबाईंच्या पगाराविषयी आपण होऊन बोलणं बरं दिसत नाही, म्हणून तो सांगत नव्हता. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की दोनशेचा गुंता आता चौथ्या मजल्यावरून लेकीच्या घरापर्यंत गेला आहे.

शुक्रवारी संध्याकाळी लेकच आली. मी वर चिठ्ठ्या परत द्यायला गेले होते, हात टेकून. दारातच आवाज ऐकू आला.

"तुला काय वाटतं आई, ते दोनशे घेऊन आम्ही बागेत फिरायला जातो?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस. बारा दिवस फोन केला नाहीस, त्यात सगळं आलं."

"कामात होते."

"तू कामात असलीस की जास्त फोन करतेस."

काका खिडकीपाशी बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मला बघून म्हणाले, "या वहिनी, बसा. इथे टॅक्स चाललाय."

"आणि त्याने फाइल का सोडली?" मास्तरबाईंनी शेवटी विचारलंच.

"लाज वाटते म्हणून."

"माझी?"

"तुझी कशाला वाटेल? तुझा पगार बघायची. सासूचा पगार जावयाने बघणं बरोबर नाही, असं त्याला वाटतं. मी घरी विचारलं, आईला हातात किती मिळतात, तर म्हणतो तिलाच विचार. बायकोला सांगत नाही तो. मला राग येतो, पण काय करू." मग लेक जरा खाली बसली. "उद्या घेऊन येते त्याला. तू विचार. नाहीतर मी विचारते, आणि मग बघ कसं विचारते ते."

शनिवारी दुपारी जावई आला. मलाही बोलावणं होतं, मध्यस्थ म्हणून की साक्षीदार म्हणून कोण जाणे. तो खुर्चीच्या कडेवर बसला. मास्तरबाईंनी चहा ठेवला, परत आल्या, पदर नीट केला, टेबलावरची पट्टी सरळ केली, खडू डबीत घातला.

"आई म्हणतेय," लेक म्हणाली.

"मी काही म्हणत नाहीये," मास्तरबाई म्हणाल्या.

"मग मी म्हणतो," काका म्हणाले. "जावईबापू, हिचे दोनशे कुठे गेले?"

जावयाच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटका म्हणावं लागेल. वर्गात तोंडपाठ कविता येत असून ज्याला कधी उभं केलं नाही आणि आज केलं, अशा मुलाचा चेहरा असतो तसा. "बाबा, ते टॅक्समध्ये गेले. आधी अंशदान वजा होतं, मग उरलेल्या करपात्र रकमेवर टॅक्स लागतो. अंशदान बंद झालं की करपात्र रक्कम वाढते."

त्याला वाटलं कळलं. त्याने चहा उचलला.

"कळलं नाही," मास्तरबाई म्हणाल्या.

"चिठ्ठीवर लिहिलेलं आहे ना, आई."

"कुठे?"

"खाली."

मी आणि मास्तरबाईंनी एकाच वेळी चिठ्ठ्या पुढे केल्या. दोन दिवस मी त्यांच्याकडे बघत होते, अक्षर न् अक्षर मला पाठ होतं. शेवटची ओळ होती 'हातात मिळणारी रक्कम', आणि तिच्याखाली कागद संपत होता.

जावयाने चिठ्ठी हातात घेतली. उलटी केली. सुलटी केली. डब्यातल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. सगळ्या एका मापाच्या, कडा पात्याने कापल्यासारख्या सरळ. "खालचा भाग कुठे आहे?" त्याने विचारलं.

"कुठला खालचा भाग?"

"हिच्याखाली चार बोटं कागद असतो."

"तो होय. तो कापते मी. डब्यात बसत नाही."

जावई हातातली चिठ्ठी खाली ठेवत म्हणाला, "सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. पण टाकत नाही हं," मास्तरबाई घाईने म्हणाल्या, कागद वाया घालवल्याचा आळ नको म्हणून. "गठ्ठ्यांना लावते."

कटिंग झालं की प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठोरं घालावं लागतं, त्यावर मापाचा आकडा असतो, म्हणजे शिलाईवाल्यांना अडतीसची बाही चाळीसच्या पाठीला लागत नाही. कारखाना त्यासाठी कागद देतो, पण मास्तरबाईंना तो भुसभुशीत वाटतो. पगाराच्या चिठ्ठीचा कागद जाड. एका पट्टीची चार चिठोरी होतात. त्यांनी पिशवीतून रबर लावलेला गठ्ठाच काढला. त्यातल्या दोन पट्ट्या अजून चिठोरी न कापता अखंड होत्या, मागच्या बाजूने निळ्या पेन्सिलीने ३८ आणि ४० लिहिलेलं.

जावयाने अर्जाच्या आधीच्या महिन्याची पट्टी उलटी केली आणि वाचली. 'पेन्शन अंशदान वजा जाता उरलेल्या पगारावर कर आकारला आहे.' आणि त्याच्याखाली, 'कंपनीचा वाटा: १०००.'

"कंपनीचा कसला वाटा?" मास्तरबाईंनी विचारलं.

"तुम्ही हजार घालता तेवढेच कंपनी घालते. वरून. पगारातून नव्हे. तुमच्या खात्यात दर महिन्याला दोन हजार जायचे."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

काका हसायला लागले. त्यांचं हसू आत आत गेलं आणि खोकल्यातून बाहेर आलं. "म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "तुझ्या कंपनीचा वाटा तू पहारेकऱ्यांच्या शर्टांना टोचून खाली पाठवत होतीस."

लेक मान खाली घालून हसत होती. जावई मात्र हसला नाही, त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. आणि मास्तरबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांनी कालचं वर्तमानपत्र ओढलं, कात्री घेतली, आणि लांब पट्टी कापली. माझ्या लक्षात आलं की त्यांना बोलून काही कळणार नाही, कापूनच कळेल.

"हा माझा पगार," त्या म्हणाल्या. "वीस. आता सांगा, पहिली कात्री कुठे."

"पेन्शन सुरू असताना आधी इथे," जावयाने बोट ठेवलं. "एक हजार. हा तुकडा बाजूला. याला टॅक्स लागत नाही. उरले एकोणीस. त्यातले पहिले दहा हजार सगळ्यांनाच माफ. राहिले नऊ. त्याचा पाचवा हिस्सा टॅक्स."

"अठराशे."

"अठराशे. आता पेन्शन बंद. दुसरी पट्टी घ्या. पहिली कात्री नाहीच. विसातले दहा माफ, राहिले दहा. पाचवा हिस्सा."

"दोन हजार." त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. "म्हणजे जो हजार मी बाजूला काढत होते, त्याला टॅक्सची कात्री लागत नव्हती. आता तो टेबलावर परत आला, म्हणून त्यातलेही दोनशे कापले. उरले आठशे."

"बरोबर."

"आणि कंपनीचे हजार आलेच नाहीत टेबलावर."

"नाही आले."

दोन दिवस मी जे दोन वेगळे टक्के काढत बसले होते ते एकच होते, फक्त मी चुकीच्या पट्टीवर लावत होते. मी हे बोलून दाखवलं नाही. घरी जाऊन ह्यांना समजावायला लागले तर मी तिसऱ्या वाक्यातच अडकले, हेही आत्ताच कबूल करते.

मास्तरबाईंनी कात्री खाली ठेवली. "आठशे हातात यावेत म्हणून मी दोन हजार चिंध्यांत टाकले," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज मी इतका बारीक झालेला ऐकला नव्हता.

"सोमवारपर्यंत अर्ज मागे घेता येतो," जावई लगेच म्हणाला. "दोन महिन्यांच्या आत मागे घेतला तर काही बिघडत नाही. त्यानंतर मात्र वर्षभर परत घेत नाहीत. आई, मी उद्याच भरून आणतो. तुम्ही फक्त सही करा."

मीही म्हटलं, करा. न करण्यासारखं त्यात काहीच दिसत नव्हतं. निवृत्तीला चारच वर्षं राहिली होती, आणि जिथे एकाला दोन मिळतात तिथून कुणी उठून येतं का? मी असं बोलले आणि माझी नजर काकांकडे गेली. ते खिडकीबाहेर बघत होते. हसू कधीच संपलं होतं.

"हजार आम्ही देऊ दर महिन्याला," लेक म्हणाली.

"नको."

"का नको? जावयाचे नको, माझे घे. मी कमावते."

"मग तू दर महिन्याला आलीस की मला कळायचं नाही, लेक आली की भाडं आलं." मास्तरबाई यजमानांकडे वळल्या. "तुम्ही बोला काहीतरी."

काका म्हणाले, "मी बांधणीतला माणूस. पेन्शनचं मला काही कळत नाही. जिन्याचं सगळं कळतं." मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "पण तू एवढी वर्षं चिंधी वाया घालवली नाहीस. माझ्यासाठी घालवलीस तर कारखान्यात काय सांगशील?"

मास्तरबाई जावयाकडे वळल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी त्याला समोरासमोर, सरळ विचारलं. "एक वर्ष बाहेर राहिले तर माझं किती जातं? नीट सांगा. सासू म्हणून नको, खिडकीवर आलेली बाई म्हणून सांगा."

जावयाने वरचं बटण सोडलं. "बारा महिने दोन-दोन हजार. चोवीस हजार, शिवाय त्यावर जी वाढ झाली असती ती. हातात येणार नऊ हजार सहाशे. मी तुमच्या जागी असतो तर केलं नसतं."

"तुम्ही माझ्या जागी कशाला असाल. तुमचे गुडघे चांगले आहेत." यावर तो थोडासा हसला. "आणि वर्षाने परत येता येईल?"

"येईल. अर्ज मी स्वतः आठवणीने देईन."

"फाइल परत तुमच्याकडे घ्या मग. तिऱ्हाइताला काय आठवणार."

त्यांनी वर्तमानपत्राच्या दोन्ही पट्ट्या उचलल्या. हातात तोलल्यासारख्या धरल्या. "चुकून कापलेलं आणि मुद्दाम कापलेलं, यात फरक असतो," त्या म्हणाल्या. "आजपर्यंत चुकून होतं. आता मुद्दाम." कुणी काही म्हणायच्या आत त्या चहाचे कप घेऊन आत गेल्या, आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. लेक उठून आत गेली. मी आणि जावई त्या पट्ट्यांकडे बघत बसलो. "मी नीट समजावलं नाही का?" त्याने हळूच मला विचारलं. समजावलं होतं त्याने. मास्तरबाईंना सगळं समजलं होतं आणि तरीही त्या तेच करत होत्या.

रविवारी सकाळी आम्ही दोघी पहिल्या मजल्यावर मालकीणबाईंकडे गेलो. मास्तरबाई दारातच उभ्या राहिल्या.

"हजार म्हटलं होतं. आठशे देता येतील. माझं माप चुकलं."

मालकीणबाईंचा चष्मा नाकावर घसरला. "कुणाचं?"

"माझंच."

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय."

"मग पहिल्यांदाचं म्हणून आठशेत द्या."

मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी काही तारण लिहून देणार आहे. दुसरं गिऱ्हाईक नऊशेपर्यंत आलं होतं, असं म्हणाल्या. मग काका किती दिवस खाली आले नाहीत ते विचारलं. मास्तरबाईंनी सांगितलं, "शंभर होतील." मालकीणबाई बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या, ते पैसे होते की दिवस ते मला दिसलं नाही. शेवटी म्हणाल्या, "रंग तुमचा तुम्ही द्यायचा. आणि वर्षाने हजार."

"वर्षाने बघू," मास्तरबाई म्हणाल्या. सोमवारी जावई अर्जाचा कोरा कागद समोर ठेवून पाच वाजेपर्यंत खिडकीत बसला होता, असं लेकीने सांगितलं. मास्तरबाई त्या दिवशी खिडकीकडे फिरकल्या नाहीत.

मी अजूनही हे मनात घोळवते. हिशेब मांडला की वाटतं बाई चुकली, सरळ सरळ चुकली. हिशेब मिटला की तसं वाटत नाही. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणतात सोपं आहे.

काका तळमजल्यावर आले त्याला आता दोन महिने झाले. दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात. तीन महिन्यांचं बोलणं साठलेलं, आणि विषय एकच, कारण घरात तेवढ्या एकाच विषयावर इतकं खोलवर बोलणं झालं होतं. "पेन्शन बंद केली की टॅक्स वाढतो," ते सांगतात, "आणि कंपनी तुमचे हजार चिठ्ठीच्या खाली लपवून ठेवते." मधले सगळे टप्पे ते गाळतात. ऐकणारा मान डोलावतो, दोन पावलं पुढे जातो, थांबतो, आणि मग जिना चढून माझ्याकडे येतो. तिसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन आले. शाळेतल्या शिपाईणबाई चिठ्ठीची खालची बाजू उजेडाला धरून बघत होत्या. मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, त्याने निम्म्यांना कळतं.

काल दूधवाला दारात उभा राहिला. काकांशी अर्धा तास बोलून आला होता. म्हणाला, "वहिनी, तुम्ही दूध बंद केलं, तर माझा टॅक्स किती वाढेल?"